छपऱ्याचं तिकीट काढण्याआधी

गिरणगावातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. ओळख पटेल असे तपशील काढून सारांश देते.

“माझं पोळी-भाजी केंद्र आहे. हाताखाली चार पोरं. त्यातला सगळ्यात जुना बिहारचा, सारण जिल्ह्यातला. नऊ वर्षं झाली, आम्ही त्याला छोटूच म्हणतो. चौघंही दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपतात. त्याची बायको आणि दोन मुलं गावी असतात. छठपूजेला गेला, महिनाभर राहून आला आणि जानेवारीत तापाने धरला. आधी मलेरियाच्या गोळ्या झाल्या, मग टायफॉइडच्या, मग एका डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. पोरगा वाळत गेला, पोट मात्र डाव्या बाजूला फुगलं. शेवटी मोठ्या सरकारी रुग्णालयात कमरेच्या हाडातला मगज काढून तपासला, तेव्हा काळा आजार निघाला. मग रक्त तपासलं तर एचआयव्हीसुद्धा. हे त्यानेच मला वॉर्डात रडत रडत सांगितलं. आता सलाइनमधली सहा इंजेक्शनं आणि गोळ्या संपत आल्यात, पुढच्या आठवड्यात सोडतील. होळीच्या आत पवन एक्सप्रेसचं छपऱ्याचं तिकीट काढून द्यावं आणि वर दहा हजार रुपये द्यावेत असं मी ठरवलंय. आपल्या माणसांत राहील, बरा होईल. इथे माझा खाण्याचा धंदा, गिऱ्हाइकांना कळलं तर शटर खाली. दिरांना सांगितलं तर ते म्हणाले, आजच हाकल. ते माझ्याच्याने होत नाही. त्याच्या बायकोला फोन करून सांगावं असं फार वाटतं, तिला कळायला नको का? आणि माशी चावून काळा आजार झाला म्हणतात, मग एचआयव्ही कुठून आला? नऊ वर्षं घरचा समजले, त्याने मला फसवलं असं वाटत राहतं. खोटं कशाला बोलू, त्याच्या ताटाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलाय.”

ताई,

तिकीट काढलं नसेल तर थोडं थांबा. काढलं असेल तर लगेच रद्द करू नका, पण त्याच्या हातात ठेवायच्या आधी हे सगळं वाचा.

तुमच्या पत्रात दोन घरं आहेत. एक तुमचं दुकान, जिथे तो राहिला तर सगळ्यांना धोका. दुसरं त्याचं सारणमधलं घर, जिथे पोचला की तो सुखरूप. काळा आजाराच्या बाबतीत गोष्ट नेमकी उलटी आहे, आणि ती समजली की तुमचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

हा आजार लिशमॅनिया नावाच्या परजीवीमुळे होतो. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो जवळजवळ नेहमीच वाळूमाशीच्या चाव्यातून. बिहारमध्ये तिला बालू मक्खी म्हणतात. आपल्याकडे ती ठाऊक आहे चांदीपुरा तापामुळे. त्या विषाणूला नावच मुळी नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं आहे, १९६५ साली तिथे सापडला म्हणून. डासाहून कितीतरी बारीक असते ही माशी. उंच उडत नाही, भिंतीवर टुणटुण उड्या मारत सरकते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठा, शेणाची ओल, अशा जागी राहते आणि तिन्हीसांजेनंतर चावते. भारतात या परजीवीला मध्ये कुत्रा-उंदीर कुणी लागत नाही. माणूस, माशी, पुन्हा माणूस. हा फेरा ज्या ५४ जिल्ह्यांत चालत आलाय त्यातले ३३ बिहारमध्ये आहेत, ११ पश्चिम बंगालात, ६ उत्तर प्रदेशात आणि ४ झारखंडात. मुंबई त्या नकाशावर नाही.

म्हणजे तुमच्या पोटमाळ्यावरच्या तिघांना त्याच्याकडून काळा आजार होणार नाही. पोळीतून होत नाही, ताटातून होत नाही, एका चादरीत झोपल्याने होत नाही. पण सारणमध्ये त्याच्या अंगणात त्याची दोन मुलं त्याच्या शेजारी झोपतात. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्तात हा परजीवी जास्त प्रमाणात असू शकतो. उपचार अर्धवट राहिले, तिकडे आजार पुन्हा उलटला आणि माशी आधी त्याला चावून मग पोराला चावली, तर ज्या “आपल्या माणसांत” तुम्ही त्याला पाठवताय त्यांचीच पंचाईत व्हायची.

एचआयव्हीचं थोडक्यात सांगते, कारण हे गेली तीस वर्षं सांगून सांगून आमचा घसा बसलाय. शिजवलेल्या अन्नातून, घामातून, एकाच संडासातून, डासातून किंवा माशीतून एचआयव्ही पसरत नाही. विळीवर बोट कापलं तर रक्त लागलेली भाजी फेकायची, जखम धुऊन पट्टी बांधायची. हे नियम स्वयंपाकघरात सगळ्यांसाठीच असतात, तुमच्याही बोटासाठी.

माळ्यावरच्या पोरांसाठी खरा प्रश्न एकच आहे आणि तो तुम्ही विचारलेला नाही: टीबी. एचआयव्ही असलेल्यांना टीबी लवकर गाठतो आणि तो मात्र हवेतून पसरतो. आधीच्या डॉक्टरांनी टीबीची औषधं तपासून दिली होती की तापाला दुसरं नाव सापडेना म्हणून? मला दुसरी शक्यता वाटते, पण माझ्या वाटण्याला किंमत नाही. छातीचा एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी झाली का, टीबी आहे की नाही, औषधं चालू ठेवायची की बंद, हे डिस्चार्जच्या आधी त्याला स्पष्ट विचारायला सांगा. याला आणखी एक कारण आहे. एचआयव्हीसाठी आता सरकारी केंद्रात जी रोजची एक गोळी देतात तिच्यात डोल्युटेग्राविर असतं. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर ते दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. एका केंद्राला टीबीचं माहीत आणि दुसऱ्याला एचआयव्हीचं माहीत, दोघांचं एकमेकांना माहीत नाही, अशाने औषध वाया जातं.

आता तुमच्या दुसऱ्या गृहीताकडे येते: सहा सलाइनं झाली, गोळ्या झाल्या, म्हणजे बरा झाला.

एचआयव्ही नसलेल्या माणसाला काळा आजार झाला तर ते बहुतेक खरं असतं. २०१४ पासून भारतात त्यासाठी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचं एकच इंजेक्शन देतात, एका दिवसाचं काम. (२०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या वेळी लोक ज्या इंजेक्शनसाठी मुंबईभर फिरत होते, ते हेच.) पण दोन्ही आजार एकत्र आले की हिशोब बदलतो. एचआयव्ही ज्या पेशी मारून शरीराची राखण मोडतो, त्याच राखणीमुळे हा परजीवी दबून असतो. राखण गेली की तो उठतो. आणि तो उठला की एचआयव्हीही जोर धरतो. दोघं एकमेकांना हात देतात. म्हणून अशा रुग्णांना इंजेक्शनांचा मोठा कोर्स आणि त्याच्यासोबत मिल्टेफोसिनच्या चौदा दिवसांच्या गोळ्या देतात. पाटण्यात अशा १५० रुग्णांवर चाचणी झाली होती. नुसती इंजेक्शनं दिलेल्या ७५ जणांपैकी ६४ जण सात महिन्यांनी जिवंत होते आणि त्यांचा आजार उलटलेला नव्हता. इंजेक्शनं आणि गोळ्या दोन्ही दिलेल्यांत हा आकडा ७५ पैकी ७२ होता. त्यावरूनच २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या भागासाठी ही जोडी सुचवली. तुमच्या माणसाला हीच मिळालेली दिसते, म्हणजे रुग्णालयाने काम चोख केलंय.

तरी ते सात महिन्यांचे आकडे आहेत. सीडी-फोर नावाचा एक आकडा त्याच्या कागदांवर असेल, शरीराची राखण किती उरलीय ते सांगणारा. तो दोनशेच्या खाली असेल तर आजार उलटायची भीती जास्त. म्हणूनच आता पहिल्या वेळेनंतरसुद्धा काही काळ ठरावीक अंतराने इंजेक्शन देत राहावं, असा सल्ला आहे. त्याला ते द्यायचं का, किती दिवसांनी, कुठे, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त हा प्रश्न राहून जाऊ देऊ नका.

मी सव्वीस वर्षं एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा विभागात होते. जरीकाम करणारा एक मुलगा होता, बिहारचाच, याच दोन आजारांचा. त्याचा मालक अतिशय भला माणूस. डिस्चार्जच्या दिवशी नवा शर्ट-पँट, तिकीट, हातात पैसे आणि प्रवासाला फरसाणाचं पुडकं घेऊन आला होता. वॉर्डातल्या सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, नाही कशाला म्हणू. त्या गडबडीत एआरटी केंद्राचं, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्राचं, बदलीपत्र घ्यायचं राहिलं. मुलगा आठ महिन्यांनी परत आला तो दोघांनी धरून आणलेला, आणि त्याच्या पिशवीत आमच्या केंद्राच्या गोळ्यांची डबी होती, मूठभर गोळ्या उरलेली. गावी त्याने ती दिवसाआड एक अशी पुरवून पुरवून खाल्ली होती. संपल्यावर नवीन कुठे मागायची, मागताना काय सांगायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. त्या मालकाइतकाच दोष माझा होता. तुमचे दहा हजार रुपये वाचून मला तोच आठवला.

तुम्ही विचारता, एचआयव्ही आला कुठून. माशीतून आला नाही हे नक्की. बाकी कुठून, हे तुम्हाला, मला आणि बहुधा त्यालाही सांगता येणार नाही. एचआयव्ही शरीरात येऊन कित्येक वर्षं काहीही लक्षण न दाखवता राहू शकतो. लिशमॅनियाचंही तसंच: तिकडे ज्यांच्या अंगात तो शिरतो त्यातले बहुतेक कधी आजारी पडतच नाहीत. कदाचित तो लहानपणापासून हा परजीवी घेऊन वावरत असेल आणि एचआयव्हीने राखण मोडल्यावर तो जागा झाला असेल. कदाचित परवाच्या छठपूजेला माशी चावली असेल. कॅलेंडर लावून काही सिद्ध होत नाही. बिहारात काळा आजाराच्या प्रौढ रुग्णांना तपासलं तेव्हा शंभरातल्या पाच-सहांमध्ये एचआयव्ही सापडला होता, म्हणजे तुमचा माणूस काही जगावेगळा नाही.

आणि फसवलं कसं? निदान कळल्यावर त्याने ते सगळ्यात आधी ज्यांना सांगितलं त्या तुम्ही. नऊ वर्षांत त्याने आपल्या खासगी आयुष्याचा हिशोब तुम्हाला दिला नाही हे खरं, पण तुम्ही तरी त्याला कुठे दिलात? तुमच्या मूळ पत्रात तो अकरा वेळा “पोरगा” आहे, मी मोजलं. एकतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप आहे तो. गावाला जायचं का, किती दिवस, बायकोला काय सांगायचं, हे सगळं त्याच्याबद्दल ठरतंय, त्याला विचारून नाही. तुम्ही मायेने ठरवताय, दीर रागाने ठरवताहेत.

बायकोला फोन करू नका. हे मी जरा कडक सांगते आहे. तिला कळलं पाहिजे यात शंकाच नाही. तिची तपासणी झाली पाहिजे, आणि ती पॉझिटिव्ह निघाली तर दोन्ही मुलांचीसुद्धा. पण ते तिला फोनवर, मुंबईच्या शेठाणीच्या तोंडून, सासू शेजारी बसलेली असताना कळू नये. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. त्यानुसार माणसाच्या संमतीशिवाय त्याची एचआयव्हीची बाब कुणाला सांगता येत नाही. जोडीदाराच्या बाबतीत डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला एक वाट ठेवलीय: आधी रुग्णालाच समजवायचं की तू सांग, तो सांगणार नाही अशी खात्री झाली, तर त्याला तशी कल्पना देऊन, जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करून सांगायचं. हे काम त्यांचं आहे, मालकाचं नाही. तुमचं काम एवढंच की त्याला म्हणायचं, “तुला तिला सांगायचंय ना? मग केंद्रातल्या बाईंना विचार कसं सांगायचं ते, मी बाहेर बाकड्यावर बसते.” बहुतेक पुरुष सांगतात, ताई. फक्त पहिलं वाक्य त्यांना सापडत नाही.

तिला हेही कळू दे की त्याने गोळ्या रोज घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली आणून तो तसाच ठेवला, तर त्याच्यापासून तिला शरीरसंबंधातून लागण होत नाही. ती तपासणी साधारण सहा महिन्यांनी करतात. तोवर निरोध.

दिरांना सांगायला नको होतं. आता ते परत घेता येणार नाही, पण तिथेच थांबवता येईल. त्यांना म्हणा, मी बोलून गेले, चूक माझी, पुढे जाऊ देऊ नका. “आजच हाकल” म्हणणाऱ्यांना त्याच कायद्याची दुसरी बाजूही सांगा: एचआयव्ही आहे म्हणून कामावरून काढणं हा भेदभाव आहे आणि त्याला बंदी आहे. दुकानात चारच माणसं आहेत म्हणून सूट मिळत नाही.

बाकीच्या पोरांना काय सांगायचं? काळा आजार झाला होता, माशीमुळे होतो, इथे पसरत नाही. हे पूर्ण खरं आहे आणि त्याची परवानगी असेल तर मोकळेपणी सांगता येतं. खरं तर गावी सांगायलाच हवं, कारण एक रुग्ण सापडला की आजूबाजूच्या घरांतले ताप तपासता येतात आणि भिंतींवर फवारणी करता येते. तिकडे ती वर्षातून दोनदा होते. त्याच्या घरच्यांनी आशा कार्यकर्तीला एवढंच सांगितलं तरी पुरे. एचआयव्हीचा शब्द यात कुठेही यायची गरज नाही. दोन आजारांपैकी एक उघड सांगायचा आणि एक राखायचा, यात खोटेपणा नाही.

मग त्याला ठेवायचं की पाठवायचं? माझं मत विचाराल तर निदान पहिले सहा महिने, जमल्यास वर्षभर, त्याने मुंबईत राहावं. आजार उलटलाच तर तो बहुधा याच काळात उलटतो आणि त्याचा मगज तपासणारं, त्याची फाइल असणारं रुग्णालय तुमच्या दुकानापासून लांब नाही. एआरटीच्या गोळ्या केईएम, सायन, नायर, जे.जे. इथल्या केंद्रांत फुकट मिळतात. पण मत माझं, आयुष्य त्याचं. त्याला होळीला मुलांची तोंडं बघायची असतील तर तो हट्ट नाही, दोन महिने मरणाशी झुंजून उठलेल्या माणसाची भूक आहे ती. मध्यममार्गही आहे: तिकीट उलट्या बाजूचं काढा. बायको-मुलांना पंधरा-वीस दिवस इकडे बोलावून घ्या. तिची तपासणी इथे होईल, समुपदेशक दोघांना एकत्र बसवतील. तुमच्या दहा हजारांत जाण्या-येण्याचं भाडं आणि एखाद्या ओळखीच्या खोलीचं पंधरा दिवसांचं भाडं बसतंय का बघा, परळमध्ये नाही बसणार, पण कळवा-मुंब्र्याकडे त्याच्या गाववाल्यांपैकी कुणाकडे तरी सोय निघेल.

तो जायचंच म्हणाला तर जाऊ द्या, पण रिकाम्या हाताने नको. एआरटी केंद्रातून तिकडच्या केंद्रासाठी रीतसर बदली, हिरवं पुस्तक (त्याच्या उपचारांची नोंदवही), आणि पहिल्या तारखेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या. डिस्चार्ज कार्डाच्या दोन झेरॉक्स, एक तुमच्याकडे. पाटण्याला अगमकुआँमध्ये राजेंद्र स्मारक संस्था आहे, काळा आजारावर काम करणारी केंद्र सरकारची संस्था. ताप उलटला तर गावातल्या औषधाच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा तिकडे जा, हे त्याला लिहून द्या. हिंदीत लिहा. वाटेत किंवा तिकडे कुणाला काही विचारायचं असेल तर १०९७ हा एचआयव्हीचा मोफत क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये घालून ठेवा, दुसऱ्याच एखाद्या नावाने घातलेला बरा.

तापाची एक गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कधी ताप आला आणि कुणी बोटातलं रक्त घेऊन काळा आजाराची पट्टीवरची झटपट तपासणी केली, तर ती बरं झाल्यावरही कित्येक वर्षं पॉझिटिव्ह येत राहते. त्यावरून आजार उलटला असं ठरत नाही, त्यासाठी पुन्हा मगजासारख्या नमुन्यात परजीवीच शोधावा लागतो. आणि एचआयव्ही असलेल्यांत हीच पट्टी कधी कधी आजार असूनही निगेटिव्ह येते. दोन्हीकडून फसवणारी आहे. “आधी काळा आजार झाला होता, हा कागद,” एवढं त्याने प्रत्येक डॉक्टरला पहिल्या मिनिटात सांगायचं.

कामावर लगेच उभं करू नका. त्याची प्लीहा अजून वाढलेली असेल. डाव्या बरगडीखाली जे फुगलेलं दिसत होतं ते तेच. त्यावर जोरात मार बसला तर ती फाटू शकते. कणकेचं पन्नास किलोचं पोतं, गॅसचं सिलिंडर, गर्दीच्या लोकलच्या दारात लटकणं, हे सगळं डॉक्टर पोट तपासून हो म्हणेपर्यंत बंद. तव्यासमोर आठ तास उभं राहण्याइतकं रक्तही अंगात नसेल. बसून डबे भरणं, हिशोब लिहिणं, फोन घेणं, असं काहीतरी द्या आणि पगार चालू ठेवा, निदान निम्मा. खायला अंडी, डाळ, दूध, जे तुमच्याकडे असतंच. कुणी पपईच्या पानांचा रस किंवा रक्तशुद्धीचा काढा आणून देईल. प्रेमाने घ्या आणि त्याला देऊ नका, यकृत-मूत्रपिंडावर आधीच औषधांचा भार पडलेला आहे. एआरटीबरोबर सेप्ट्रानची गोळीही लिहून दिलेली असेल, इतर संसर्ग दूर ठेवण्यासाठी. ती किरकोळ म्हणून टाळतात लोक, सीडी-फोर वाढेपर्यंत ती टाळायची नसते.

ज्यांच्याकडे बिहार, झारखंड, बंगाल किंवा पूर्व उत्तर प्रदेशची माणसं कामाला आहेत अशा गोवंडीच्या, धारावीच्या, भिवंडीच्या कारखानदार वाचकांसाठी एवढंच: दोन आठवड्यांच्या वर ताप, वजन उतरतंय, पोट डाव्या बाजूला जड, आणि मलेरियाच्या औषधाने फरक नाही, तर डॉक्टरांना आपणहून सांगा की हा माणूस अमुक जिल्ह्यातला आहे. १९९२ साली देशात काळा आजाराचे ७७ हजारांहून जास्त रुग्ण होते, आता वर्षाला हजारही नसतात. ही चांगलीच गोष्ट, पण त्यामुळे मुंबईतल्या तरुण डॉक्टरने हा आजार पुस्तकातच पाहिलेला असतो. तुमच्या माणसाचे दोन महिने गेले ते “गाव कुठलं?” हा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून. काळा आजार निघाला तर एचआयव्हीची तपासणी मागून घ्यावी. आणि रुग्ण बाई असेल तर मिल्टेफोसिन चालू असताना आणि त्यानंतर पाच महिने दिवस राहता कामा नयेत, बाळाला इजा होते. हे औषध देताना विचारलं जायला हवं. विचारलं नाही तर आपण सांगायचं.

ताई, उद्या दुपारच्या गर्दीनंतर वॉर्डात जा. डबा न्या, आणि जाताना त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून बघा. तिकिटाचं आधी काढू नका. टीबीचं काय झालं, पुढची इंजेक्शनं आहेत का, एआरटीची पहिली तारीख कुठली, हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. डॉक्टर राउंडला आले की माणूस सगळं विसरतो. मग त्याला विचारा, तुझ्या मनात काय आहे.

आणि निघायच्या आधी ते ताट काढा. नेलपॉलिश रिमूव्हर नसेल तर स्टीलच्या घासणीनेही निघतं, थोडा ओरखडा राहील. मग ते बाकीच्या ताटांच्या चळतीत मध्येच कुठेतरी सरकवा.